माझ्या नावाचे गहू

११ जून, बुधवार

वही आणली. नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून आणली, नाहीतर एस.टी.च्या रजिस्टरखेरीज मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. बाई म्हणाल्या, "स्वतःशी बोलता तसं लिहा." मी म्हटलं, मी स्वतःशी बोलत नाही, मी माइकवर बोलतो. त्या हसल्या. मी हसलो नाही. मी हसलो की तोंड डावीकडे पळतं आणि उजवी बाजू आहे तिथंच बसून राहते.

तर मी हेमराज, वय एक्कावन्न, तळोदा स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक. गाड्यांची नोंद करणं, त्या वेळेवर सोडणं आणि माइकवर जाहीर करणं हे माझं काम. पहिली दोन कामं कोणीही करील. तिसरं मी करायचो तेव्हा बाजारातले लोक अर्धा चहा टाकून पळत यायचे. रस्त्यापलीकडे जीपवाले गिऱ्हाइकांच्या पिशव्या ओढत असतात. "जीपला टांगून जायचंय की आमच्या खिडकीपाशी बसून जायचंय?" एवढं मी विचारायचो, की माणसं पिशव्या सोडवून घेऊन इकडे यायची. जीपवाला रायसिंग मला शिव्या घालायचा आणि संध्याकाळी चहाही पाजायचा. असा सगळा थाट होता.

एप्रिलमध्ये एका सकाळी चूळ भरली आणि सगळं पाणी बनियनवर सांडलं. नूतन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "हवा लागनी व्हई." डॉक्टर म्हणाले, लकवा नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, बरी होईल, पण केव्हा ते सांगता येत नाही. आता जून आला. उजवा डोळा अजून नीट मिटत नाही, आणि प, ब, म म्हणायला ओठ जुळत नाहीत. आमच्या कामात तर पहिला शब्दच 'प्रवासी'.

मे महिन्यात एकदा माइक हातात घेतला होता. प्रकाशा गावाची गाडी जाहीर केली. पलीकडून रायसिंगने तोंड वाकडं करून तेच वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. सगळे हसले, आमच्या गाडीत बसलेले प्रवासीसुद्धा. मी माइक बंद केला आणि त्या दिवसापासून माझ्या हाताखालच्या तरुण पोराच्या, धर्मेंद्रच्या हातात दिला.

बाईंनी आज सरळ विचारलं, "मरणाचे विचार येतात का?" मी नाही म्हणालो. मग त्यांनी नूतनला औषधं आणायला पाठवलं आणि पुन्हा विचारलं. मी हो म्हणालो. वाटलं त्या दचकतील. त्यांनी नुसती मान हलवली, मी सर्दी झाली म्हणालो असतो तर हलवली असती तशी. काही करायचं मनात आहे का, तेही विचारलं. ते खरंच नाही. नुसतं वाटतं, आपण नसतो तर कोणाचं काय अडलं असतं. बाई म्हणाल्या, हाही आजारच आहे, याचीही औषधं आहेत. गोळ्या लिहून दिल्या आणि दोन गोष्टी करायला सांगितल्या. घरात एकाला तरी हे सांगायचं, आणि विचार आला की त्याच्या आधी काय घडलं ते लिहून ठेवायचं. पहिली गोष्ट मी करणार नाही. दुसरी करून बघतो.

१४ जून, शनिवार

विचार आला. आधी काय घडलं: धर्मेंद्रने धडगावची गाडी जाहीर केली. चांगली केली.

२० जून, शुक्रवार

विचार आला. आधी: स्वप्नालीचा नाशिकहून फोन. आमची एकुलती एक मुलगी, तिथे नोकरी करते. व्हिडिओ चालू करा म्हणाली. मी नेटवर्क नाही म्हणून सांगितलं. नेटवर्क भरपूर होतं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही आधी बोलायला लागलात की मला फोन कानापासून लांब धरावा लागायचा." तिला गंमत करायची होती. मी फोन नूतनकडे दिला आणि मागच्या दारी जाऊन बसलो.

चेहऱ्याचा व्यायाम रोज करतो. आरशासमोर गाल फुगवायचे, शिट्टी मारायची, दात दाखवायचे. शिट्टीच्या जागी नुसती हवा निघते. आरशातला तो माणूस माझ्या ओळखीचा वाटत नाही, आणि ओळख वाढवावी असंही वाटत नाही.

२७ जून, शुक्रवार

आज एक वैताग. धडगावच्या पुढच्या पाड्यावरचा वाहरू म्हणून एक म्हातारा आहे, बाजाराला येतो. तो आमच्या बाकावर सकाळपासून गोणी घेऊन बसलेला. त्याच्या गाड्या येऊन गेल्या, एक झाली, दुसरी झाली, हा आपला जागचा हलला नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, अरे बाबा, गाड्या गेल्या ना तुझ्या!

तो म्हणाला, "साहेब, तू बोलला नाय. तू बोलला नाय तर मी कसा उठू?"

"तो धर्मेंद्र बोलला ना?"

"तो भरभर बोलतो. त्याचं मला कळत नाय. तू बोलतो ते कानात बसतं."

मी वैतागून त्याचा हात धरला, गोणी उचलली, तिसऱ्या गाडीत नेऊन बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, पाडा आला की याला उतरव, पुढे नेऊ नकोस. गाडी सुटली तेव्हा त्याने खिडकीतून मला रामराम केला. मग कॅन्टीनला जाऊन दोन वडे खाल्ले. तोंडाच्या कोपऱ्यातून चटणी गळली, पण वडे बरे होते.

आज विचार आला नाही. गोळ्या लागू पडत असाव्यात.

८ जुलै, मंगळवार

विचार आला. गेला नाही. सकाळपासून इथेच आहे.

आधी काय घडलं: गणेश मंडळाची पोरं वर्गणीला आली. दरवर्षी दहाही दिवसांचं सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. त्यांचा अध्यक्ष फार गोड बोलला. "नाना, यंदा तुम्ही आराम करा. पहिल्या लाईनमा खुर्ची ठेवसूत तुम्हनी." मी वर्गणी दिली, वर चहा पाजला. पहिल्या रांगेतली खुर्ची! देवळात पाय धुवायला पाणी ठेवतात, तेवढीसुद्धा त्या खुर्चीला किंमत नाही.

मग दिवसभर मनातल्या मनात माझीच शोकसभा भरवली. स्टँडवरच भरवली. ड्रायव्हर, कंडक्टर, कॅन्टीनवाला सगळे आले. रायसिंग मागे उभा होता. माइकवर धर्मेंद्र. त्याने "कर्तव्यदक्ष" असा शब्द वापरला आणि तोही चुकीचा म्हटला. मला इतका संताप आला की मी मेलोय हे विसरून त्याची चूक दुरुस्त करायला उठलो. मग आठवलं की आपण बाकावर बसलोय आणि समोर अक्कलकुव्याची गाडी उभी आहे.

थोरला भाऊ शांतीलाल गेल्या वर्षी जूनमध्ये गेला. हार्टने, उभ्या उभ्या. दादा गेला तेव्हा मला मरणाची भीती वाटली होती. आता भीती वाटत नाही, आणि हीच गोष्ट मला आज घाबरवते आहे. म्हणून हे लिहिलं.

९ जुलै, बुधवार

काल रात्री नूतनला सांगितलं. ती भेंडी चिरत होती. बोलताना मी भेंडीकडेच बघत होतो. सगळं सांगून झालं तशी ती भेंडी चिरायची थांबली.

मग म्हणाली, "माले एकटीले सोडी जातात तुम्ही? इतला दिन हाई मनमा ठेई बठनात?" आणि रडली. मीही रडलो. माझ्या एकाच डोळ्यातून पाणी नीट येतं, दुसऱ्यातून ते हवं तेव्हा न येता नको तेव्हा येतं. ते बघून ती रडता रडता हसली, आणि मग तिलाच वाईट वाटलं. मी म्हटलं, हस बाई, तू तरी हस.

तिने डॉक्टरीणबाईंना लगेच फोन केला, माझ्यासमोरच. घरातल्या फवारणीच्या बाटल्या शेजारी नेऊन ठेवल्या. मी म्हटलं, मी तसं काही करणार नाही. ती म्हणाली, "मंग तठे ठेवाले तुम्हले काय व्हस?" आज ती भाजी घ्यायच्या निमित्ताने स्टँडवर आली आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहिली. भाजी काही घेतली नाही.

सांगितल्यावर हलकं वाटलं. हे बाईंना सांगायचं नाही, त्यांना वाटेल त्यांचंच खरं झालं.

१६ जुलै, बुधवार

नंदुरबारला गेलो. वही बरोबर नेली. बाईंनी वाचून दाखवायला सांगितली, मी वाचली. प आणि ब आले की थुंकी उडत होती. बाई न हलता ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "या सगळ्या नोंदींत सारखं काय दिसतं तुम्हाला?"

मी बराच विचार केला. मग लख्ख दिसलं. म्हटलं, "धर्मेंद्र."

बाईंनी तोंडावर हात धरला. मी समजावून सांगितलं की चौदा तारखेला तोच, आठ तारखेला शोकसभेतही तोच, त्याची नंदुरबारला बदली झाली तर माझा आजार निम्मा कमी होईल. बाई म्हणाल्या, "आणि सत्तावीस जूनला? त्या दिवशी धर्मेंद्र नव्हता?" होता. पण त्या दिवशी गोळ्या लागू पडल्या होत्या. बाई म्हणाल्या, "बरं. लिहीत राहा." काहीतरी सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण त्या बोलल्या नाहीत. डॉक्टर लोकांचं असंच असतं.

ओठांना थोडी जान आली आहे असं मात्र त्या म्हणाल्या. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे दोनदा सांगितलं.

३० जुलै, बुधवार

गावाहून पुतण्याचा फोन. मिथुन, म्हणजे शांतीलालदादाचा मुलगा. रविवारी कानबाई बसते, शनिवारपासून या म्हणाला. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, सगळी भावकी तापीकाठच्या घरी जमते. गेल्या वर्षी दादाच्या दुखवट्यामुळे बसवलीच नव्हती. यंदा बसणार.

मी नूतनला म्हटलं, तू जा, माझी ड्यूटी आहे. सगळे भाऊबंद एका ओट्यावर, आणि मी मधोमध वाकडं तोंड घेऊन जेवणार? घास गळणार, पोरंसोरं बघणार. त्यापेक्षा मी इथे बरा.

नूतन म्हणाली, "रोट काय डबामा भरीसन लयाना शेतस का? ज्यान्हा घरना शेतस त्यानी तठे बठीसन खावाना ऱ्हातस." ते खरं आहे. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, बाहेर कोणाला देत नाहीत, घरच्यांनी घरात बसून खायचे. मी न जाऊन कसं चालेल. रजेचा अर्ज टाकला. मनात आलं, गेलो काय, न गेलो काय, कोणाला फरक पडतोय. म्हणजे विचार आला. आधी काय घडलं: रोटांची गोष्ट निघाली.

२ ऑगस्ट, शनिवार. गावी

आज जे झालं ते सगळं लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

रोटांचे गहू मोजून घ्यायची आमच्याकडे रीत आहे. घरात जेवढे पुरुष जिवंत असतील तेवढ्यांच्या नावाने प्रत्येकी सव्वा मूठ. म्हातारा असो, तान्हा असो, दुबईला नोकरीला असो, त्याच्या नावाची मूठ पडलीच पाहिजे. जो गेला त्याची मूठ बंद. घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईने हे करायचं. आमच्याकडे ती मोठी माय, म्हणजे माझी चुलती वत्सलाबाई. ऐंशीच्या पुढे गेली, दिसतं कमी, पण सगळ्या खानदानाची नावं तिला पाठ आहेत. परातीपुढे बसते, एकेक नाव घेते आणि मूठ टाकते. ओट्यावर बसलेले सगळे आपापलं नाव येईपर्यंत कान देऊन असतात, शाळेत हजेरी घ्यावी तसे.

मी खांबाच्या आड बसलो होतो. तोंडाला रुमाल. आल्यापासून कोणी काही विचारलं तरी मान हलवूनच उत्तर देत होतो.

मोठी मायने सुरुवात केली. काकांची मूठ, त्यांच्या मुलांच्या मुठी, मग आमचं घर आलं. दरवर्षी ती "शांतीलाल-हेमराज" असं एका दमात म्हणते. लहानपणी आम्ही दोघं भाऊ सतत एकत्र हिंडायचो, आम्हाला हाक मारायची तर ती अशीच जोडून मारायची. आज तिथवर आली आणि थांबली. ओट्यावरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दादा गेल्यानंतरची ही पहिली कानबाई. मोठी मायने तो रिकामा हात परातीवर क्षणभर धरला, मग पुन्हा गव्हात घातला आणि म्हणाली, "मिथुन."

दादाचं नाव तिने गाळलं. त्याच्याबरोबर जोडलेलं माझंही गेलं.

आधी वाटलं, ऐकण्यात चुकलं. मग वाटलं, कोणी तरी म्हणेल. मिथुन डोळे पुसत होता. नूतन आतल्या चुलीशी होती. कोणाच्याही लक्षात आलं नाही. मूठ पुढे गेली, मिथुनच्या पोराची पडली, पुढच्या घराची सुरू झाली.

आणि तो विचार आला. पण असा नेहमीसारखा हळूच येऊन बसला नाही, समोर उभा राहिला. म्हणाला, बघ. तू म्हणत होतास ना, आपण नसतो तर काय अडलं असतं? हे बघ, काही अडलं नाही. गहू मोजून झाले. तू सुटलास.

एवढे महिने मला हेच पाहिजे होतं ना? मग मला बरं वाटायला हवं होतं. ते तर दूरच, पोटातून असा जाळ उठला की काय सांगू. अरे, मी इथे बसलोय! सकाळी दोन गाड्या बदलून आलोय! दादा गेला, मी नाही गेलो! माझी मूठ न टाकता हे गहू दळायला जाणार?

मी उभा राहिलो. रुमाल कुठे पडला कोण जाणे.

"ओ मोठी माय! मन्ही मूठ कोठे शे?"

एप्रिलनंतर मी एवढ्या मोठ्याने काही बोललो नव्हतो. शब्द वाकडे निघाले, थुंकी उडाली, म चा म झाला नाही. पण आवाज आला. परसातली कोंबडी फडफडली. सगळा ओटा माझ्याकडे वळला.

"कोन शे तो?" मोठी माय डोळे बारीक करून म्हणाली.

"मी हेमराज शे! जित्ता शे मी! मन्ही मूठ टाक!"

कोणी हसलं नाही. मोठी मायचा हात गव्हातच राहिला. मग तिने दुसऱ्या हाताने कपाळ बडवून घेतलं. "अरे मन्हा बाप! शांतूनं नाव सोडं, तं तुन्हं बी त्यान्हासंगे चालनं गयं! मन्ही जीभ जळो रे!" आणि ती म्हातारी घळाघळा रडायला लागली. मी तिच्यापुढे जाऊन बसलो. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, वाकडी बाजू, सरळ बाजू, दोन्ही चाचपली, आणि गव्हाने भरलेल्या हातांनी कुरवाळली. मग मूठ भरली आणि माझं नाव घेऊन परातीत टाकली.

"आनि पाव?" मी म्हटलं.

"टाकस रे, टाकस! दम धर ना जराखा!"

तेव्हा मात्र सगळा ओटा हसला. मिथुन रडता रडता हसत म्हणाला, "काका, घरनं छप्पर उडी जाई, हळू!" मीही हसलो. तोंड डावीकडे पळालं ते पळालं, त्याला म्हटलं जा.

नूतन पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरले होते, पण बोलायचं थोडंच सोडणार. "आम्हना बायास्ना नावनी मूठ कव्हय कोनी टाकी का? तरी जितल्या शेतस ना आम्ही." बायका हसल्या, मोठी माय सगळ्यांत जास्त हसली. तिचं खरं आहे, म्हणून तेही लिहून ठेवतो.

४ ऑगस्ट, सोमवार

काल रोट खाल्ले. घास गळले, मी उचलून पुन्हा खाल्ले. मिथुनचं पोरगं माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी त्याला गाल फुगवायचा व्यायाम शिकवला. त्याला माझ्यापेक्षा चांगला येतो.

आज कानबाईला निरोप द्यायला सगळे तापीवर गेलो. पुढे वाजंत्री, मागे बायकांच्या फुगड्या. विचार आला. आधी काय घडलं: काठावर उभा असताना दादाची आठवण झाली, दरवर्षी तो कमरेइतक्या पाण्यात पुढे असायचा. पण एक गोष्ट नीट लिहून ठेवतो. मला दादाकडे जावंसं वाटलं नाही. तो इथे असता तर बरं झालं असतं, असं वाटलं. या दोन विचारांत फरक आहे. बाईंना विचारलं पाहिजे.

९ ऑगस्ट, शनिवार

आज राखी आणि आज आदिवासी दिवससुद्धा. एकाच दिवशी. ज्याने स्टँड बघितलं नाही त्याला काय सांगणार! भावांकडे निघालेल्या बाया, त्यांची पोरं, मिठाईचे पुडे. बाहेर रॅली, ढोल, अंगाला रंग लावून नाचणारी पोरं, बासऱ्या. मुख्य रस्ता बंद, म्हणून गाड्या मागच्या फाटकातून घ्यायला सांगितलेल्या. धडगावची गाडी प्रकाशाच्या फलाटावर, अक्कलकुव्याची कोणत्याच फलाटावर नाही. बाया या गाडीतून उतरून त्या गाडीत चढत होत्या, एका आजीबाईंना तर दोन वेळा चुकीच्या गाडीतून उतरवलं.

धर्मेंद्र माइकवर होता. सकाळपासून ओरडून ओरडून त्याचा घसा गेला. मी रजिस्टरवर होतो. तो माझ्याकडे वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गरीब पोरगा आहे बिचारा, तसा हुशारही आहे. "नाना," तो म्हणाला, आवाज जेमतेम येत होता, "मन्हाघाई नही व्हत. तुम्ही ल्या ना."

मी माइक घेतला. बटण दाबलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे."

'प्र'चं जे व्हायचं ते झालं. जवळच्या बाकावरच्या दोन बाया हसल्या. पलीकडे रायसिंगने लगेच तोंड वाकडं करून माझी नक्कल केली आणि त्याच्या भोवतीची माणसं खो खो हसली. मे महिन्यात याच जागी मी बटण बंद केलं होतं.

"हसा," मी म्हटलं. "हसायला तिकीट लागत नाही. पण धडगावला जायचं असेल तर गाडीत बसून हसा. गाडी फलाट दोनवर आहे, पाच मिनिटांत सुटेल. आणि रायसिंगभाऊंच्या जीपमध्ये बसलेल्यांनी सावकाश हसा, कारण रॅली संपेपर्यंत ती जीप जागची हलायची नाही."

आधी एक जण हसला, मग सगळं स्टँड हसलं. या वेळी हसू माझ्याकडून निघून रस्त्यापलीकडे गेलं. रायसिंगची जीप खरंच ढोलवाल्यांत अडकली होती. तिच्यातून आधी एक गोणी उतरली, मग एक बाई, मग अख्खं कुटुंब. सगळे फलाट दोनकडे पळाले.

त्यानंतर मी थांबलो नाही. एकेक गाडी, एकेक फलाट, सावकाश, गावाचं नाव दोनदा. ज्या गावाच्या नावात ओठ जुळत नव्हते ते तीनदा. आजीबाईंना त्यांची गाडी मिळाली. ढोलवाले फाटकाशी आले तेव्हा त्यांनाही सांगितलं, जरा बाजूने वाजवा, बहिणी राखी बांधायला निघाल्यात. ते हसून बाजूला झाले आणि बाजूला होऊन जास्तच जोरात वाजवायला लागले.

दुपारी रायसिंग स्वतः खिडकीशी आला. मला वाटलं भांडणार. तो म्हणाला, "नाना, तुम्ही आजारीच बरे होते. सकाळपासून गिऱ्हाईक नाय मला." मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "चहा सांगू का?" मी म्हटलं, सांग, आणि धर्मेंद्रला पण सांग, हळद घालून दूध.

संध्याकाळी घरी आलो तर नूतनने दारातच विचारलं, कसं झालं. माझ्या तोंडून आवाजच फुटेना, घसा पार बसलेला. खुणेने सांगितलं. ती म्हणाली, "आते उद्या गप बठा." उद्या सुट्टी आहे खरी. पण धर्मेंद्रचा घसा बघता त्याला एकट्याला सोडणं बरोबर नाही, असं मी तिला लिहून दाखवलं. तिने कपाळाला हात लावला आणि गरम पाणी करायला गेली.

लिहिताना लक्षात आलं की आजची नोंद राहिली. विचार केव्हा आला, त्याच्या आधी काय घडलं. सकाळपासून सगळं आठवून पाहिलं. कुठेच सापडेना. बाईंना वाटेल मी लपवतोय. लपवत नाही. पुन्हा येईल कधी, तेव्हा लिहीन, नूतनलाही सांगेन. आज वेळच नव्हता, बाई. गाड्या फार होत्या.